‘येते’ म्हणून गेलेल्या काकू

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या बायकांचा मला पहिल्यापासून कंटाळा. आमचे हे रेल्वेत होते. इगतपुरीला आम्हाला जी क्वार्टर मिळाली होती, तिच्यात आमच्या आधीच्या माणसाने आढ्याला गळफास घेतला होता. शेजारणी तिन्हीसांजेला आमच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावायच्या. मी त्याच आढ्याला दोरी बांधून वर्षानुवर्षं ओले कपडे वाळत घातले. पावसाळ्यात दुसरीकडे जागाच नव्हती.

हे एवढ्यासाठी सांगते, की पुढचं वाचून कुणी मला हळव्या मनाची समजू नये.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. हे रिटायर झाले आणि आम्ही स्वतःचं घर शोधायला लागलो. माझा सगळा संसार क्वार्टरांत गेला. क्वार्टरीत भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावं लागायचं, आणि बदली झाली की खिळा उपसून भोक बुजवून द्यावं लागायचं. मला बाकी काही नको होतं. माझी भिंत आणि माझा खिळा, एवढंच.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या अंगाला बंगल्यांची जुनी वस्ती आहे. शेटजींचे मोठाले बंगले, वर्षातले दहा महिने कुलपात. माळी तेवढे हिंडताना दिसायचे. त्या बंगल्यांच्या अगदी शेवटाला एक बैठं कौलारू घर विकायला होतं. पुढे व्हरांडा, आत तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि मागचं दार उघडलं की थेट जांभळांची राई. राईच्या पलीकडे डोंगर. माकडांचा त्रास होता, ओल होती, पण हवा अशी की ह्यांचा खोकला दोन दिवसांत बसला. मी तिथेच ठरवलं.

घर दुर्गाकाकूंचं. म्हणजे कागदावर त्यांच्या मुलाचं, पण नवऱ्यामागे इतकी वर्षं त्या एकट्या तिथे राहिलेल्या. मुलगा तळेगावला नोकरीला होता. आता आईला तिकडे न्यायचं म्हणून त्याने घर विकायला काढलं होतं. काकू बुटक्या, काटक, अंगावर लाल अलवण. त्यांनी मला घर दाखवलं ते पोरगी दाखवावी तसं नाही... पोरगी सासरी पाठवताना तिच्या खोडी सांगाव्यात तसं.

“पावसात इथे गळतं. आत्तापासूनच खाली घमेलं ठेवा, पाथरवट-गवंडी कुणी आला तरी ते थांबत नाही. ही खिडकी श्रावणात उघडायची नाही, फुगते. आणि मागच्या दाराची कडी अशी वर उचलायची, गुडघ्याने दार दाबायचं, मग लावायची. नाहीतर लागल्यासारखी दिसते, लागत नाही.”

“आणि हा पाट?” मी विचारलं. मागच्या दाराशी, राईकडे तोंड करून, एक जुना पाट मांडलेला होता.

“तो राहू दे इथेच. दुपारी बसायला बरा असतो.”

दिवाळीनंतर खरेदीखत झालं. त्यांचा टांगा दाराशी उभा होता. मुलगा आणि सून इंदिरा आधीच जाऊन बसले होते. काकूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, उंबऱ्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या,

“येते हं.”

आपल्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. आणि ‘येते’ म्हटलं की समोरच्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं. मी म्हटलं,

“या ना काकू. केव्हाही या. घर तुमचंच आहे.”

टांगा वळल्यावर हे म्हणाले, “धन्य आहे! आज सकाळी घर घेतलं आणि दुपारच्या आत देऊनसुद्धा टाकलंस?”

आम्ही दोघं हसलो.

मी लगेच घर लावायला घेतलं. पहिल्याच दिवशी बैठकीच्या भिंतीला चार खिळे ठोकले. एकाचीही गरज नव्हती. स्वयंपाकघरातली पाण्याची तिवई माझ्या सोयीने उजवीकडे घेतली आणि तो पाट उचलून कोनाड्यात उभा केला. दाराच्या तोंडाशी पायात येणाऱ्या वस्तू मला आवडत नाहीत.

पौषात सुरू झालं. दुपारी जेवणं झाली की हे आत आडवे व्हायचे आणि मी व्हरांड्यात धान्य निवडत बसायची. दुपारी झोपणारी बाई मी नव्हे. खालून पॅसेंजर घाट चढून आल्याची शिट्टी ऐकली, की मी चहाचं आधण ठेवायला आत जायची. एकदा आत गेले तर मागचं दार उघडं, आणि पाट दाराशी मांडलेला. मला वाटलं ह्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कडी मी स्वतः वर उचलून, गुडघा लावून घातली होती.

“अहो, तुम्ही मागे जाऊन बसता का?”

“मी? मागे माकडं असतात.”

मग मी माकडांवर आळ घेतला. माकड कडी काढेल, पण पाट नीट भिंतीला समांतर मांडणार नाही. एक दिवस मी मुद्दाम स्वयंपाकघरातच ठाण मांडून बसले. काही झालं नाही. कंटाळून न्हाणीत हात धुवायला गेले, तेवढ्यात पाट दाराशी! मी रागारागाने तो उचलायला वाकले आणि हात तसाच राहिला. लाकूड गरम होतं. ऊन तिथे येतच नाही. कुणीतरी बराच वेळ बसून नुकतं उठावं, तसा पाट गरम होता.

घाबरले नाही. चिडले. माझ्या घरात कोण शिरतंय हे मला कळायलाच हवं होतं. मी तांदळाचं पीठ चाळणीने दारापासून पाटापर्यंत पातळ पसरून ठेवलं, म्हणजे माणूस असो की माकड, पाऊल उमटलंच पाहिजे. आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

शिट्टी झाली. आत गेले.

पाऊल नव्हतं. पीठच नव्हतं. कुणीतरी ते केरसुणीने एकत्र करून कोपऱ्यात सारलं होतं, आणि केरसुणी उलटी उभी करून ठेवली होती. मी केरसुणी आडवी ठेवते. जन्मभर आडवीच ठेवत आले आहे.

आमच्याकडे भांड्याला चिमा यायची. वरच्या वाडीवरची, येताना राईतून लाकडाची मोळी घेऊन यायची. त्याच आठवड्यात ती मोळी टाकता टाकता म्हणाली,

“बाय, म्हातारी कवा आली?”

“कोण म्हातारी?”

“आवो, पयली मालकीन. मागल्या दारी बसलीया नव्हं? म्या लांबनं हाळी दिली, तर मान हालवली तिनं.”

“चिमा, काकू तळेगावला आहेत.”

तिने पदराने मान पुसली. “मंग मेली आसंल.”

“मेली-बिली काही नाही. परवाच त्यांचा मुलगा स्टेशनवर ह्यांना भेटला. काकू न्हाणीत घसरून पडल्या, पाय अधू झालाय, पण चांगल्या आहेत.”

“मंग तर लयच वंगाळ,” चिमा म्हणाली. “मेल्याला नारळ दिऊन भागिवता येतंय. जित्या मानसाला काय देनार?”

“तू भांडी घास.”

“सकाळचं घासते. दुपारचं आमी न्हाई बा हितं येनार.”

इथपर्यंत मी मनावर घेतलं नव्हतं. पण आमची एकुलती एक मुलगी, कुसुम, पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिच्या सासूबाई कल्याणच्या, शकुन-अपशकुन फार मानणाऱ्या. चिमा दहा बंगल्यांत मोळ्या टाकत होती. हे बोलणं कल्याणपर्यंत पोचायला कितीसा वेळ? पोचलं असतं तर कुसुमला तिथून हलू दिलं नसतं. आणि ह्यांचं मन मला माहीत होतं. मुलीला धोका आहे एवढं कानावर आलं असतं तरी ह्यांनी ते घर मिळेल त्याला देऊन टाकलं असतं. पुन्हा भाड्याची खोली, पुन्हा दुसऱ्याची भिंत. म्हणून मी ह्यांना एक अक्षर सांगितलं नाही. चिमाला एक जुनं लुगडं दिलं आणि गप्प बस म्हटलं. त्या लुगड्याने ती चार दिवस गप्प बसली असेल.

कुसुम माघात आली. मी तिला दुपारी एकटी सोडत नव्हते. पण एकदा वाणी आला, त्याच्याशी फाटकाशी बोलण्यात वेळ गेला. आत आले तर ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बोरं खात बसलेली.

“आई, त्या काकू किती चांगल्या आहेत गं! शेजारच्या का?”

मी म्हटलं, “कोण काकू?”

“त्याच, लाल अलवणातल्या. आत्ता मागच्या दारी पाटावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, पोरी, उंबऱ्यावर बसू नकोस, ह्या दिवसांत बरं नाही. आत बस. मग तू आलीस वाटतं, त्या उठून गेल्या.”

कुसुमने दुर्गाकाकूंना कधीही पाहिलेलं नव्हतं.

“हो, शेजारच्या,” मी म्हटलं. पाटाला हात लावायची मला हिंमत झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तळेगावला गेले. ह्यांना सांगितलं, काकूंच्या पायाची विचारपूस करून येते.

इंदिरा भली बाई. तिने मला आत नेलं. काकू खाटेवर होत्या. मार्गशीर्षापासून त्यांनी जमिनीला पाय लावलेला नव्हता. इंदिरा पाणी देताना हळूच म्हणाली, “बाकी ठीक आहे हो. पण दुपारी डोळे मिटतात ते असे, की हाक मारली तरी ऐकू जात नाही. पहिल्यांदा मी घाबरलेच. आणि जाग्या झाल्या की म्हणतात, जाऊन आले. कुठे जाऊन आल्या, कोण जाणे!”

ती चहा करायला गेली. मी खाटेजवळ बसले. काय बोलायचं ते गाडीत ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. काकूच म्हणाल्या,

“पोरगी गोड आहे तुमची. पण उंबऱ्यावर बसते.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आणि पीठ कसलं सांडता हो जमिनीवर? अन्न ते.”

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही येऊ नका.”

“तुम्हीच म्हणालात, या. केव्हाही या म्हणालात.”

“तशी रीत असते म्हणायची.”

“मग मीही रीतीनेच म्हटलं असेल, येते.” त्या छताकडे बघत होत्या. “जाते म्हणायला जीभ उचलली नाही माझी.”

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण घरी कुसुम होती, आणि वाईट वाटून घ्यायला मी तळेगावला आले नव्हते.

“आता म्हणा,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “पाण्याची तिवई तुम्ही उजवीकडे घेतलीत,” त्या म्हणाल्या. “तिथे ओल येते. पावसाच्या आधी डावीकडे घ्या.”

“घेते.”

“आणि पाट कुणाला देऊ नका.”

“नाही देणार.”

त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं. मग अगदी स्पष्ट, जणू मी दारात उभी आहे आणि टांगा थांबलाय अशा आवाजात म्हणाल्या, “बरं तर. जाते.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. चहा घेतला, इंदिराला दोन लिंबं आणली होती ती दिली, आणि उठले. पदर सावरला आणि तोंडातून निघून गेलं,

“येते हं, काकू.”

काकू हसल्या. त्यांना दात नव्हते. “या,” त्या म्हणाल्या. “केव्हाही या.”

त्या दिवसापासून पाट जागचा हलला नाही. कडी लावली तशी राहायची. मी रोज दुपारी पाटावर हात ठेवून बघायची, गार. चैत्रात कुसुमला मुलगी झाली, त्याच घरात, सुखरूप. कल्याणच्या विहीणबाई बारशाला आल्या, जांभळांची राई बघून म्हणाल्या, घर छान उजेडाचं आहे. चिमा बाळाला बघायला भर दुपारी आली आणि लुगड्याचा विषय निघेल म्हणून लगेच गेली. तिवई मी डावीकडे घेतली. घर माझं झालं.

त्याच सुमारास मला एक खोड लागली, दुपारच्या झोपेची. बाळंतिणीचं करायचं, बाळाची जागरणं, म्हटलं वयही झालं. जेवण झालं की व्हरांड्यातच डोळा लागायचा. हे एकदा म्हणाले, “अगं, झोप म्हणजे किती! हाका मारल्या, हलवलं, तुझं आपलं काही नाही. मी घाबरलो.” मी म्हटलं, जन्मभराची राहिलेली झोप आहे, घेऊ द्या. स्वप्न वगैरे काही पडायचं नाही. उठले की पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या, इतकंच. आणि मध्ये एकदा डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. दारात सापडला असेल म्हणून तेल लावलं.

वैशाख संपता संपता इंदिरा आमच्याकडे आली. बाळाला झबलं आणलं होतं. बसली, पाणी प्यायली आणि एकदम माझे हात धरून म्हणाली,

“तुमचे उपकार कसे फेडू हो?”

“कसले उपकार?”

“आता असं काय करता! एवढ्या लांबून उन्हाचं यायचं, सासूबाईंजवळ बसायचं. मी तेवढीच घटकाभर आडवी झालेली असते, म्हणून चहासुद्धा होत नाही तुमचा. उठून बघते तर तुम्ही फाटकाच्या बाहेर पोचलेल्या असता. भांडी किती नीट लावून जाता! केरसुणी आडवी ठेवलेली दिसली, की मला कळतं, आज येऊन गेलात.”

मी हसायचा प्रयत्न केला. माघानंतर मी तळेगावला पाऊल टाकलेलं नव्हतं. बाळंतीण घरात टाकून मी जाणार कुठे?

“आणि त्यांच्या उशाशी जपमाळेला खिळा ठोकून दिलात, ते फार बरं केलंत,” इंदिरा म्हणाली. “घरमालक जरा कुरकुरला. मी म्हटलं, असू दे, राहू दे. तुम्हाला लागलं का हो त्या दिवशी? सासूबाई म्हणत होत्या, ठोकताना तुमच्या अंगठ्यावर बसला.”

मी हात पदराखाली घेतला.

ती गेल्यावर मी खूप विचार केला. एकदा तळेगावला जायचं, काकूंसमोर उभं राहायचं आणि त्यांनी म्हटलं तसंच स्वच्छ म्हणून टाकायचं, ‘जाते’. एका शब्दाचं काम. पण आज बाळाला सर्दी, उद्या ह्यांचा खोकला, मग पाऊस लागला. काकूंनी सांगितलं होतं त्याच जागी गळायला लागलं, गवंडी आणला, थांबलं नाही, घमेलं ठेवलं. आणि श्रावणात पत्र आलं, काकू गेल्या. दुपारी झोपेतच.

समाचाराला गेले तेव्हा तो खिळा मी पाहिला. जरा वाकडा बसला होता, डावीकडे कललेला. माझ्या बैठकीतले चारही खिळे तसेच आहेत. माझा हातच तसा आहे.

‘जाते’ म्हणायला आता समोर कुणी नव्हतं. रिकाम्या खाटेला म्हणून काही उपयोग होता की नाही, ते मला माहीत नाही. दारातून निघताना इंदिरा उभी होती. मी तोंड घट्ट मिटून नुसते हात जोडले. ती म्हणाली, “या हं.”

पुढे इंदिराच्या नवऱ्याची बदली झाली. तळेगावच्या त्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे, कोण ते मला माहीत नाही. दुपारी न झोपायचा मी नियम केला आहे, गव्हाची चाळण घेऊन व्हरांड्यात ताठ बसते. पण वय वाढतंय, आणि उन्हाच्या वेळी कधीतरी डोळा लागतोच. जागी झाले की आधी पोटऱ्या चाचपून बघते. त्या घरातली बाई कशी आहे, तिची केरसुणी उभी असते की आडवी, तिला माझा त्रास होतो का, हे विचारायला पत्र तरी कुणाला लिहिणार? आणि लिहिणार काय?

मी अजूनही भूत मानत नाही. काकू तेव्हा जिवंत होत्या, आणि मी तर आजही आहे. मग ते काय होतं? ह्यांना विचारलं नाही, डॉक्टरला विचारलं नाही, भटजींना तर नाहीच. आपल्या वाचकांपैकी कुणी विद्वानाने उत्तर दिलं तरी ते मला पटेल असं वाटत नाही. पाट अजून कोनाड्यात आहे. कुसुमची मुलगी त्यावर उभी राहून माझ्या खिळ्यांना पतंग अडकवते. घर मी विकणार नाही.

लेख संपवताना वाचकांचा निरोप घ्यायचा असतो. मला तो घेता येत नाही. ‘येते’ म्हणायची आता सोय राहिलेली नाही, आणि ‘जाते’ म्हणायला माझीही जीभ उचलत नाही.